उत्सवमूर्ती उपाशी

घरात कार्य ठरलं की पहिला वाद खाण्यावरून होतो, मग ते घर कुठल्याही देशातलं असो. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावी नॅरेलच्या घरात मात्र वाद झालाच नाही, आणि सगळं बिघडलं ते त्यामुळेच. सून गप्प राहिली, मुलगा गप्प राहिला, आणि सगळ्यांना सगळं पसंत आहे असं नॅरेल धरून चालली.

सून ब्राइडीला आठवा महिना लागला होता. मार्चअखेरच्या रविवारी नॅरेलच्या घरी तिचा बेबी शॉवर, म्हणजे तिकडचं डोहाळजेवण, करायचं ठरलं होतं. नॅरेलची आजवरची सारी नोकरी शाळेच्या ऑफिसात गेली होती. सहली, स्नेहसंमेलनं, पालकांच्या तक्रारी, सगळं तिने निस्तरलं होतं. एखादी गोष्ट तिने मनावर घेतली की ती तडीला जाणारच, आणि या वेळी तिने मनावर घेतला होता ग्रेझिंग बोर्ड.

हल्ली तिकडे त्याच्याशिवाय समारंभ होत नाही. मोठा लाकडी पाट घ्यायचा. त्यावर चीज, खारवलेल्या मांसाचे पातळ काप, फळं, बिस्किटं, सुकामेवा यांची अशी रास मांडायची की खालचं लाकूड दिसता कामा नये. मग पाहुण्यांनी गप्पा मारत, हिंडत हिंडत त्यावर चरायचं. नावातच चरणं आहे, त्यामुळे कुणी लाजत नाही. खाण्याआधी फोटो मात्र काढावेच लागतात.

नॅरेलची धाकटी बहीण रेलीन हिने मागच्या वर्षी आपल्या मुलीच्या बेबी शॉवरला असा पाट मांडला होता की गावात महिनाभर त्याची चर्चा चालली. ते फोटो रेलीन अजून निमित्त काढून दाखवायची. मोठ्या बहिणीला हे किती दिवस सोसणार? नॅरेलने नवऱ्याला, केव्हला कामाला लावलं. त्याने शेडमध्ये पडलेली रेडगमच्या लाकडाची जाड फळी काढली, घासली, तेल पाजलं. ती उचलायला दोन माणसं लागायची.

"नाकापेक्षा मोती जड झालाय," केव्ह कंबर धरून म्हणाला.

"तू फक्त उचल. नाक माझं आहे," नॅरेल म्हणाली.

काय काय मांडायचं ते ठरवायला ती रोज संध्याकाळी रेलीनला फोन करायची. हेवा एकीकडे आणि सल्ला एकीकडे, बहिणींचं असंच चालतं. मध्यभागी ब्री चीजचं अख्खं चाक, त्यावर मध आणि अंजिरं. एका कडेला निळं चीज. प्रोशुटोच्या, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या, कापांची फुलं करायची. कोंबडीच्या काळजाचं मऊ वाटण म्हणजे पॅटे, धुरी दिलेला सामन मासा, आणि तिकडचा उन्हाळा सरत आला असला तरी रॉकमेलन, म्हणजे खरबूज, मिळतंय तर त्याच्या फोडी.

एका गुरुवारी ब्राइडी कामावरून घरी जाताना वाटेत डोकावली. नॅरेलने तिला खुर्चीत बसवलं आणि सगळा बेत ऐकवला.

"कसं वाटतंय? मोकळेपणाने सांग हं."

"छान आहे," ब्राइडी म्हणाली. मग जरा थांबून, "फक्त ते मऊ चीज..."

"ब्री ना? काळजी नको, डार्ल. रेलीनच्या ओळखीचा माणूस आहे, तो एकदम पिकलेलं, आतून वितळणारं देतो!" असं म्हणत नॅरेल वाजणाऱ्या फोनकडे वळलीसुद्धा.

ब्राइडी पाणी प्यायली, तिने पेला धुऊन ठेवला आणि ती निघून गेली.

नॅरेल वाईट बाई नव्हती, हे इथे सांगायला हवं. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यातच ब्राइडीचं पोटातलं बाळ गेलं तेव्हा तिच्याकडे दररोज सूप पोचवणारी नॅरेलच होती. मात्र त्या बाळाविषयी ती एक शब्द बोलली नाही. बोललं नाही की दुःख लवकर विरतं, असं तिला वाटायचं. तुमच्याआमच्या घरांतही असंच वाटणारी माणसं आहेत. या वेळी मोठा थाट करायचा, सुनेचं मन रमवायचं, हाच तिचा हेतू होता. त्यात रेलीनचं नाक खाली झालं तर दुधात साखर.

कार्याच्या आधीच्या रविवारी नॅरेलने रंगीत तालीम ठेवली. पाट मांडून बघायचा, फोटो कसे येतात ते बघायचं आणि घरच्याच माणसांनी तो संपवायचा. रेलीन आली, मुलगा कॅलम आणि ब्राइडी आले. मागच्या अंगणातल्या छोट्या घरात नॅरेलच्या सासूबाई राहायच्या, डल्सी. शहाऐंशी वर्षांच्या, कानांनी तिखट आणि जिभेने त्याहून. त्याही काठी टेकत येऊन बसल्या.

पाट खरोखर देखणा झाला होता. केव्हसुद्धा क्षणभर टोपी काढून उभा राहिला. रेलीनने खुर्चीवर चढून वरून फोटो काढले, मग कुणी काय उचललं की लगेच ती जागा दुसऱ्या पदार्थाने भरत राहिली. बाहेर ऊन तापलं होतं, आणि खोलीत ब्री आपल्या चाकातून हळूहळू बाहेर यायला लागली होती.

ब्राइडी पाटाभोवती एक फेरी मारून आली. तिच्या बशीत गाजराच्या चार कांड्या आणि थोडी कोरडी बिस्किटं होती.

"अगं बाई, ही तर सशाचं जेवण जेवतेय!" रेलीन हसली. "दोघांचं खायचं असतं या दिवसांत. घे ना थोडं सामन."

"नको, खरंच."

"डॉक्टर लोक काहीही सांगतात," नॅरेलने री ओढली. "कॅलमच्या वेळी मी सगळं खाल्लं. पॅटे तर डब्यातून चमच्याने खायचे. आणि हा बघ, वासराएवढा जन्मला!"

सगळे हसले. वासरू म्हटलेला कॅलम हसला नाही. डल्सींनीही चहाचा कप खाली ठेवला. ब्राइडीने ओठ ताणून हसल्यासारखं केलं आणि बाथरूमला जाऊन येते म्हणून ती उठली.

बर्फ संपला होता. तो गॅरेजमधल्या फ्रीजरमधून आणायला नॅरेल घराच्या बाजूने बाहेर गेली. बर्फ घेऊन परतताना तिला सावलीत कॅलमची गाडी दिसली. दार उघडं होतं आणि ब्राइडी आत बसली होती. पोटावर डबा टेकवून ती कडक चेडर चीजचं भाजलेलं सँडविच खात होती. घाईघाईने, मोठे मोठे घास घेत, सकाळपासून उपाशी असलेलं माणूस खातं तसं.

दोघींची नजरानजर झाली. ब्राइडीने तोंडातला घास कसाबसा गिळला.

"सॉरी, नॅरेल. तुझा पाट फार सुंदर झालाय. मला फक्त भूक लागली होती."

नॅरेल बर्फाची पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिला रागच आला. माझ्या घरी, माझ्या टेबलावर एवढं अन्न असताना, माझी सून बाहेर गाडीत बसून डबा खाते! रेलीनने पाहिलं असतं तर? ती तडक आत गेली आणि बर्फ भांड्यात एवढ्या जोरात ओतला की केव्हने मान वळवून बघितलं.

जायच्या वेळी कॅलम आईला फाटकापाशी घेऊन गेला.

"मम, आम्ही बाळंतपणाला वॉर्नाम्बूलला जायचं म्हणतोय. ब्राइडीच्या आईकडे. मी तिथून काम करीन. पहिले काही महिने तरी तिथेच राहू."

"वॉर्नाम्बूल! अरे, चार तासांची वाट आहे ती! हॉस्पिटल इथलं ठरलंय, पाळणा इथे आणलाय. मी सुट्टीचा अर्ज दिलाय!"

"माहितीये."

"मग? माझं काय चुकलं?"

कॅलमने बराच वेळ फाटकाची कडी उघडझाक केली. "तिथे तिला समजावून सांगावं लागत नाही, मम. एवढंच," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

पहिलं नातवंड, आणि ते दुसऱ्या गावात वाढणार! घरात येऊन नॅरेल उरलेलं अन्न आवरायला लागली. हातातली भांडी आपटत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. डल्सी अजून टेबलाशी बसल्या होत्या.

"एवढं करून काय मिळालं सांगा! ती बाहेर गाडीत बसून डबा खात होती! आठ दिवस राबतेय मी तिच्यासाठी," नॅरेल म्हणाली.

"कुणासाठी?"

"ब्राइडीसाठी. अजून कुणासाठी?"

"मग दाखव बघू," डल्सींनी काठीने पाटाकडे खूण केली, "यातलं तिला काय खाता येतं."

नॅरेलने पाटाकडे पाहिलं. ब्री नाही. निळं चीज नाही. प्रोशुटो, पॅटे, सामन, यांतलं काही नाही. कापून ठेवलेलं रॉकमेलनही नाही, ते खाऊन माणसं दगावली तेव्हा राज्यभर किती बोंबाबोंब झाली होती ते तिला आठवलं. या सगळ्या थंड, न शिजवता खायच्या पदार्थांतून लिस्टेरिया नावाचा जंतू पोटात जाऊ शकतो, तो फ्रीजमध्येही वाढतो, आईला नुसता ताप येतो आणि पोटातलं बाळ दगावू शकतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. शाळेच्या फलकावर तसलं पत्रक तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं. आता तिचं बोट पाटावरून फिरत फिरत गाजरांवर येऊन थांबलं.

"पण आमच्या वेळी आम्ही सगळं खायचो, डल्सी. काही झालं का?"

"तुला नाही झालं." डल्सींचा आवाज चढला नाही. "तुझ्या वेळी पोराला मांडीवर घेऊन गाडीत पुढे बसायचीस. काही झालं नाही, म्हणून ते शहाणपणाचं होतं का? ज्यांना काही झालं त्या बायका पार्टीत उभं राहून 'आमच्या वेळी' म्हणत नाहीत, नॅरेल. त्या गप्प बसतात. आज एक गप्प बसली होती, तुझ्या समोर. आणि तू वासराची गोष्ट सांगत होतीस."

नॅरेलने खुर्ची ओढली आणि ती बसली.

"अरे देवा," ती म्हणाली. "अरे देवा, मी तिच्या तोंडावर बोलले!"

"बोललीस."

"मी तिला विचारलं होतं, खरंच विचारलं होतं. मोकळेपणाने सांग म्हटलं."

"आणि थांबलीस का उत्तराला?"

नॅरेलला वाजणारा फोन आठवला.

"तिला आपण मानाची खुर्ची दिली," डल्सी म्हणाल्या. "डोक्यावर फुलांचा मुकुट घालणार, पोटाला फीत बांधणार, फोटो काढणार. आणि खायला गाजर! यापेक्षा तिला बोलावलं नसतं तर बरं झालं असतं. घरी पोटभर जेवली तरी असती."

दुसऱ्या दिवशी नॅरेल कामावरून थेट ब्राइडीकडे गेली. हात हलवत गेली, सूपसुद्धा नेलं नाही. ब्राइडीने दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आता काय ऐकावं लागणार अशी धास्ती होती. ती पाहून नॅरेलला आपलीच लाज वाटली.

"मी माफी मागायला आलेय," ती उंबऱ्यातच म्हणाली. "कालच्या बोलण्याची. आणि मागच्या वर्षीचीही. त्या बाळाबद्दल मी तुला कधीच काही विचारलं नाही."

ब्राइडी बाजूला झाली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. ब्राइडी बोलायला लागली.

"मला माहितीये, धोका लहान आहे. हजारो बायका खातात, त्यांना काही होत नाही. मागच्या वेळीसुद्धा डॉक्टर म्हणाले, तू काही खाल्ल्यामुळे झालं नाही, काही केल्यामुळे झालं नाही. मग ते कशामुळे झालं? कुणालाच माहीत नाही. तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं, नॅरेल. या वेळी निदान मऊ चीज न खाणं तरी माझ्या हातात आहे. लोकांना वाटतं मी नखरे करते. मग मी डबा नेते आणि काही बोलत नाही."

नॅरेलने तिचा हात धरला. मग तिने तोच प्रश्न विचारला जो काही आठवड्यांपूर्वीच विचारायला हवा होता.

"तुला काय खावंसं वाटतंय?"

आणि या वेळी ती थांबली. फोन तिने पर्समध्येच राहू दिला. ब्राइडी आधी "काहीही चालेल" म्हणाली, नॅरेल तरीही थांबली. मग ब्राइडी हळूच म्हणाली, "हसशील तू."

"नाही हसणार."

"पोटॅटो केक. कढईतून काढलेले, हाताला चटका बसेल इतके गरम. भरपूर मीठ, व्हिनेगर. रोज स्वप्नात येतात."

वाचकांसाठी सांगायचं तर बटाट्याच्या जाड चकत्या, पिठात बुडवून तळलेल्या. आपल्या बटाटाभजीचे थोरले भाऊ. मासे तळणाऱ्या कुठल्याही टपरीवर मिळतात, आणि कुठल्याही ग्रेझिंग बोर्डाच्या फोटोत दिसत नाहीत. म्हणजे एवढ्या थाटामाटात सुनेचा जो एकुलता एक डोहाळा होता, तो त्या गावातली सर्वात साधी वस्तू होती!

कार्याच्या दिवशी तोच रेडगमचा पाट टेबलावर आला, पण त्यावरची मांडणी बदलली होती. चेडरची मोठी ढेप, ताजा भाजलेला पाव, उकडून थंड न करता तशीच आणलेली अंडी, धुतलेली द्राक्षं, अख्खी फळं आणि शेजारी सुरी, ज्याने त्याने त्या वेळी कापून घ्यायची. गरम पदार्थ अंगणातून थोडे थोडे येत होते. केव्ह तिथे कढई मांडून बसला होता आणि डोहाळतुलीच्या पोटॅटो केकसाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. ब्राइडीला विचारल्याशिवाय टेबलावर एकही पदार्थ आला नव्हता.

रेलीन आली ती ब्रीचं चाक कागदात गुंडाळून घेऊनच.

"मला वाटलंच तू कच खाशील!" तिने पाटाकडे बघून कपाळावर हात मारला. "हे काय? ब्रीशिवाय ग्रेझिंग बोर्ड म्हणजे नवरीशिवाय लग्न!"

"ते लग्न मागच्या रविवारी लागलं," खुर्चीतून डल्सी म्हणाल्या. "नवरी बाहेर गाडीत बसून डबा खात होती."

रेलीन चपापली. तिने नॅरेलकडे पाहिलं, नॅरेलने मान हलवली. रेलीन तोंडाने फटकळ असली तरी दगड नव्हती. तिने ब्री गुपचूप नॅरेलच्या हातात दिली, नॅरेलने ती फ्रीजच्या मागच्या कप्प्यात टाकली, जाताना घेऊन जा म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने रेलीनच अंगणातून गरम बशी घेऊन आली आणि "सरका, सरका, आधी हिला!" असं ओरडत ती पाहुण्यांमधून थेट ब्राइडीपर्यंत पोचली.

ब्राइडीने पहिला पोटॅटो केक उचलला. चटका बसला, हात झटकला, पुन्हा उचलला. व्हिनेगर कोपरापर्यंत ओघळलं. फोटो काढायला कुणीतरी फोन वर केला तेव्हा तिचं तोंड भरलेलं होतं, आणि तो फोटो काही खास आला नाही. तिने दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. पाहुण्यांतल्या एका शेजारणीने भीत भीत विचारलं की मला मधुमेह आहे, तर या केकशिवाय मी काय घेऊ, आणि नॅरेल तिच्यापाशी बसून ऐकत राहिली.

पाहुणे पांगले. नॅरेल टेबल पुसत होती. ब्राइडी रिकामी बशी घेऊन तिच्याजवळ आली आणि तिथेच घुटमळली.

"नॅरेल, एक मागू?"

चार वर्षांत या मुलीने या घरात कधी काही मागितलं नव्हतं. मीठसुद्धा नाही. नॅरेलच्या हातातलं फडकं थांबलं.

"माग ना, डार्ल."

"वॉर्नाम्बूलला जाण्याऐवजी... माझी आईच इथे आली तर? महिनाभर? तुमच्या मागच्या खोलीत तिची सोय होईल?"

मागची खोली! ती तर नॅरेल उद्याच रिकामी करायला तयार होती, केव्हच्या साऱ्या मासेमारीच्या सामानासकट! पण या वेळी तिने घाई केली नाही.

"होईल," ती म्हणाली. "तिला काय खायला आवडतं?"

ब्राइडी हसली आणि सांगायला लागली. नॅरेलने खुर्ची ओढली आणि ऐकायला बसली.

मंडळी, बेंडिगो दूर आहे, पण हा पाट तुमच्याआमच्या घरी रोज मांडला जातो. मधुमेही काकांच्या बशीत "एकाने काय होतंय" म्हणत आपण जिलेबी वाढतो. ज्याने दारू सोडली त्याच्या हातात आग्रहाने पेला देतो. जिच्या नावाने कार्य, तिला एका शब्दाने विचारत नाही, आणि वर म्हणतो की तिच्यासाठी किती केलं! माणसाचा मान ठेवायचा असेल तर त्याला काय चालतं ते आधी विचारावं, उत्तर पुरतं ऐकावं आणि त्याप्रमाणे वाढावं. मग ते उत्तर आपल्या फोटोत शोभलं नाही तरी चालेल. पुढच्या वेळी घरात कार्य निघालं की सामानाची यादी करण्याआधी त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा.